मास्तर, तान लागली

९ जानेवारी १९३४

ही वही कंपनीच्या प्रॉम्प्टरची. पुढच्या अर्ध्या पानांत नाटकांतली भाषणे आहेत, मागची पाने कोरी आहेत. बोलपट आले, आमची नाटक कंपनी मोडली, ज्याच्या हाती जे लागले ते घेऊन जो तो आपल्या गावी गेला. माझ्या हाती ही वही लागली. माझे शिक्षण मराठी तिसरी, त्यामुळे जोडाक्षरे चुकतील. पण वाचतो कोण? घरात मी आणि सून गोदा. तिला वाचता येते, पण ती माझ्या वस्तूंना हात लावत नाही.

लिहायचे कारण असे की आज मी खोटे बोललो. नीट पाहिले तर खोटेही नाही.

रावसाहेब करंबेळकरांनी बोलावणे पाठवले होते. मामलेदारीतून पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना गरिबांची फार काळजी लागली आहे. म्हणाले, "काशीराम, बंदरावरच्या हमालांच्या नि खारव्यांच्या पोरांसाठी आम्ही संगीताचा वर्ग काढतो आहोत. फी नाही. तू नाटक कंपनीत पेटीवर होतास ना?"

"होतो," मी म्हटले.

बावीस वर्षे होतो. मुक्कामाला पेटी उतरवायची, पुसायची, मास्तरांपुढे मांडायची, खेळ संपला की गवसणी घालून गाडीत चढवायची. गाडी नसेल तेथे डोक्यावर. वाजवणारे मास्तर वेगळे. म्हणजे मी पेटीवर नव्हतो, पेटी माझ्यावर होती. पण रावसाहेबांनी एवढे खोलात विचारले नाही.

"मग वर्गाचे मास्तर तुम्ही," ते म्हणाले. 'तू'चे 'तुम्ही' झाले. घरी येईपर्यंत तेवढाच शब्द कानात होता. आता जेवण उतरत नाही.

१७ जानेवारी

मंडळाची पहिली सभा. रावसाहेब, दोन वकील, एक डॉक्टर आणि शाळेचे हेडमास्तर. मी दाराशी बसलो होतो. दोन तास वर्गाच्या नावावर गेले. डॉक्टर म्हणाले, 'मोफत' घाला. थोरल्या वकिलांनी हरकत घेतली की तो शब्द परका आहे. 'फुकट' घाला म्हटले तर हेडमास्तरांना तो असभ्य वाटला. शेवटी 'विनामूल्य' ठरले. मग 'बाल' घालावे की 'बालक' यावर मते घेतली. मुले किती, बसणार कुठे, हे राहून गेले. उठता उठता रावसाहेबांना आठवले. "जागा? मास्तरांची पडवी आहे की."

घरी येऊन गोदेला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "शिकवणार कोण?" म्हणाली.

"मी."

तिने सुपातून मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. फार कमी बोलते. माझा सदू मुंबईला तापाने गेला त्याला आठ वर्षे झाली. तिचा बाप राजापुराकडचा गुरव, भजनाचा मोठा नाद असलेला माणूस. लग्नात त्याने चार दिवस आम्हांला झोपू दिले नव्हते. सदूच्या दिवसांना मी आलो होतो तेव्हा हिला सांगून गेलो की आता या घरात गाणेबिणे नको, लोक काय म्हणतील. म्हटले तसे ती वागली. चांगली मुलगी.

२६ जानेवारी

पाटी आली. 'श्रीयुत रावसाहेब करंबेळकर' ही अक्षरे हातभर उंच. 'विनामूल्य' चष्मा लावून वाचावे लागते. 'बाल' खालच्या कोपऱ्यात एकटे पडले आहे, कारण रंगवणाऱ्याला तेवढीच जागा उरली.

३ फेब्रुवारी

पाटी लावून आठ दिवस झाले, एक मूल नाही. पडवी मी रोज झाडतो. आज कंटाळून बंदरावर गेलो. मालन खारवीण मासळीच्या पाट्या धूत होती. तिची पोरगी चिमा दहाएक वर्षांची, आवाज असा की होड्या-पडावांवरची माणसे मागे वळून पाहतात. मी मालनला सांगितले, पोरीला गाण्याला पाठव, फी नाही.

"फुकट?" ती म्हणाली. "मास्तरानू, फुकट काय असता? देवी टोचायला आले ते पन फुकटच टोचून गेले. पोर चार दिस तापली."

"टोचायचे नाही. गाणे शिकवायचे."

"मंग आमाला काय देशाल?"

"मी काय देणार? मी शिकवणार."

"आनि पाटी कोन धरील? तुमी धरताव?"

तिचा नवरा लवू उलट्या घातलेल्या होडीवर बसून जाळे सांधत होता. तो म्हणाला, "नाटकवाला हाय तो. पोरी पळवतात ते."

"हा पळवील?" मालन म्हणाली. "याला घराकडं जायला दम लागतो."

मला खरेच दम लागला होता. परतीची घाटी चढताना दोनदा बसलो.

५ फेब्रुवारी

आज नऊ मुले आली. आपणहून. पाटीचा गुण, दुसरे काय? तिकडे कोणाला वाचता येत नाही हे खरे, पण मोठ्या अक्षरांचा वचक असतो.

मालन मासळी विकून परत जाताना आमच्या मागीलदारी पाणी प्यायला टेकते. काल गोदा तिच्याशी बराच वेळ कुजबुजत होती. बायकांना वेळ कसा मिळतो कोण जाणे.

६ फेब्रुवारी

पहिला पाठ. मी 'सा' सांगितला. नऊ जणांनी नऊ 'सा' काढले, माझा दहावा. पुन्हा म्हटला तर माझाच पहिल्यासारखा येईना. बाबू नावाचा एक किडकिडीत आहे, तो म्हणाला, "मास्तर, आता कंचा धरू? पैला का ह्यो?"

मी दरडावले. एवढ्यात चिमा उठली. "मास्तर, तान लागली."

बंदराकडे तहानेला तान म्हणतात. लहानपणी मीही म्हणत होतो, कंपनीत गेल्यावर सुधारलो. म्हटले, जा मागीलदारी, गोदा पाणी देईल. एक उठली तशी नऊही उठली. पाऊण तास परत आली नाहीत. मी भिंतीला टेकलो, बरे वाटले.

परत आली आणि नऊ जणांनी एकच 'सा' लावला. सरळ, ताठ, बंदरावरच्या दीपस्तंभासारखा. मी थक्क झालो. शिकवलेले मुरायला थोडा वेळ द्यावा लागतो, असे आमचे मास्तर म्हणत असत. त्याचा अर्थ आज कळला.

२१ फेब्रुवारी

मुले रोज येतात. रोज 'सा' म्हणतो तोच यांना तहान लागते. इतकी तहान मी मुलांत पाहिली नाही. मासळी खारवणाऱ्या घरातली, अंगात मीठ असणार. शेजारच्या सावित्रीकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "गोदा कशी घागरींवर घागरी ओढते हो, हात मोडतील तिचे." मी गोदेला म्हटले, त्रास होत असेल तर सांग, तहानेची वेळ ठरवून देऊ.

"नको," ती जरा घाईने म्हणाली. "तहान लागली की लगेच दिलेलं बरं."

मुले आता 'रे' आणि 'ग' म्हणतात. 'म' मी अजून सांगितलेला नाही, तोही म्हणतात. मी सांगायच्या आधी येऊ लागला म्हणजे माझी शिकवण फार पुढे गेली. माझे मला भय वाटते.

एक शंका आहे. आमच्या परसातल्या बावीचे पाणी घशाला गुणकारी असावे. परटवणे वाडीत एका बावीच्या पाण्याने दमा जातो म्हणतात. मी आजपासून दोन तांबे जास्त पितो आहे.

१२ मार्च

शिमगा झाला. मुले सोंगांमागे पळाली होती, आता पुन्हा आली. पाण्याचा मला अजून काही गुण नाही. दुपारी चारदा उठावे लागते एवढेच.

१९ मार्च

मंडळाने वर्गाची पाहणी केली. मुलांनी सारेगम म्हटले, वरून खाली, खालून वर. मग कोणी न सांगता चिमाने वरच्या 'सा'वरून असा काही झोका घेतला की डॉक्टरांचा चष्मा नाकावरून उतरला.

"ही तान तुम्ही शिकवलीत?" त्यांनी मला विचारले.

"तहान तिला नेहमीच लागते," मी म्हटले. डॉक्टर हसले. का हसले कळले नाही.

रावसाहेब गंभीर होते. "पण पेटी कुठे आहे? पेटीवाचून संगीत शिकवता हे बाहेर कळले तर मंडळाची शोभा काय?"

इतके दिवस पेटी नाही म्हणूनच मी मास्तर होतो. ठरले की राजापूरचे भिकाजीशेट, जे मुंबईला आंब्यांची दलाली करतात आणि देवळांना घंटा देतात, त्यांना पत्र घालावे. रावसाहेबांनी सांगितले, मी लिहिले: 'बंदरावरील गरीब मुलांना हाताची कला शिकवून मार्गास लावण्याचे कार्य येथे चालू आहे. त्यांकरिता दोन पेट्यांची निकड आहे. वापरलेल्या असल्या तरी चालतील.'

'संगीत' शब्द घालू का, असे मी विचारले. रावसाहेब म्हणाले, "पेटी म्हटल्यावर संगीत आलेच. पत्र आटोपशीर हवे."

६ एप्रिल

शेटजींचे उत्तर. रावसाहेबांनी सभेत उभे राहून वाचले. 'गरीब मुलांना हाताची कला शिकवता हे वाचून संतोष झाला. दोन कशाला, वीस पाठवतो. नव्या करकरीत, झाकणासकट. पुढच्या आगबोटीने येतील. लहान मुले आहेत, बोटांना जपावे.'

"बोटांना जपावे!" हेडमास्तर म्हणाले. "दर्दी माणूस."

वीस पेट्या. मंडळाने वाजंत्री सांगितली, बंदरावर कमान घालायचे ठरले. एक पेटी असती तर मी काही सबब काढली असती. वीस पेट्यांना वीस सबबी कुठून आणू? दाभोळला बहिणीकडे जावे म्हणतो. तिची तब्येत बिघडली असे पत्र मीच मला पाठवले तर? अक्षर ओळखतील.

१४ एप्रिल

आगबोट नेहमीसारखी बाहेर खोल पाण्यात उभी राहिली, माल पडावातून आला. कमानीखाली रावसाहेब हार आणि नारळ घेऊन उभे, वाजंत्रीवाले गाल फुगवून तयार. मी मागे, खांबाला धरून.

लवू पडावातून उतरला तो चार पेट्या एकावर एक डोक्यावर घेऊन, शीळ घालत. बाकीच्यांना काही कळले नाही. मला कळले. पेटीचे वजन किती ते माझ्या मानेइतके कोणाला ठाऊक असणार?

"मास्तरानू," लवू ओरडला, "तुमचा गाना लय हलका हाय."

आंब्याच्या पेट्या. रिकाम्या. करंड्या सोडून फळ्यांच्या पेट्यांतून आंबा भरायची नवी टूम निघाली आहे, तसल्या. बरोबर एका पुडक्यात खिळे, दोन हातोड्या आणि गवताचा भारा. बोटांना जपावे ते याच्यासाठी.

वाजंत्रीवाल्यांना थांबायला कोणी सांगितले नाही, ते वाजवत राहिले. रावसाहेबांनी नारळ कोणावर फोडावा याचा थोडा विचार केला, पेटीवर फोडला, आणि बोलायला उभे राहिले. "संगीतात बैठक महत्त्वाची असते," ते म्हणाले. "शेटजींनी मुलांच्या बैठकीची प्रथम सोय केली आहे."

टाळ्या पडल्या. मी सर्वांत जोरात वाजवल्या. आठ दिवसांनी आज पोटभर जेवलो. गोदा म्हणाली, "पेट्या आंब्याच्या निघाल्या तर एवढा आनंद कसला?" मी म्हटले, गरिबांना काहीतरी मिळाले याचा.

२० एप्रिल

पेट्या मागीलदारी नेऊन ठेवल्या. मुले त्यांच्यावर बसतात. आज पाणी प्यायला गेली तेव्हा मागून ठोकल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, मोजून मारल्यासारखा. मी हाक मारून विचारले, "काय चाललंय?"

"फळी वाळली का बघतोय, मामंजी," गोदेचा आवाज आला.

फळी वाळायला असते काय त्यात? पण आवाज कानाला बरा वाटत होता म्हणून मी रागावलो नाही.

९ मे

घात झाला. भिकाजीशेट हंगामासाठी राजापुरी आले आहेत. त्यांना कोणीतरी पेट्यांचा खरा प्रकार सांगितला. त्यांचे पत्र आले: 'माझ्या अडाणीपणाची लाज वाटते. मुंबईहून उत्तम पेटी मागवली आहे, पुढे पाठवतो. सत्तावीस तारखेस स्वतः येऊन मुलांचे गाणे आणि मास्तरांची पेटी ऐकेन.'

रावसाहेबांनी कार्यक्रमपत्रिका छापायला दिली. तिसऱ्या ओळीत आहे: 'श्री. काशीराम मास्तर यांचे स्वतंत्र पेटीवादन.' शेटजी खूश झाले तर वर्ग पाच वर्षे चालेल, नाहीतर मंडळ पावसाळ्याआधी बंद करणार. बंद झाला तर मुले परत पाट्या धरायला जातील. आणि मी या गावात तोंड कसे दाखवू? दोन्ही काळज्या आहेत. दुसरी जास्त आहे, हे येथे लिहून ठेवतो.

१५ मे

बोट कापले असे सांगितले. फडके गुंडाळले. गोदेने हळद आणली, "कुठलं बोट?" म्हणून विचारले. मी दाखवले.

१६ मे

सकाळी गोदा चहा देताना म्हणाली, "मामंजी, काल उजवं होतं."

फडके डाव्या हाताला होते. मी म्हटले, "तेही दुखते."

तिने रिकामा कप उचलला. थोड्या वेळाने म्हणाली, "वर्ग बंद झाला तर चिमेचं काय हो?" या बाईला चिमेचे पडले आहे. माझे काय, ते कोणी विचारत नाही.

१९ मे

पेटी आली, सर्व्हिस मोटारीच्या टपावरून. मी कोणाला हात लावू दिला नाही. दोन हमाल पुढे झाले, त्यांना मागे सारले, स्वतः उतरवून घेतली. चांगली आहे. आतल्या सुरांच्या पट्ट्या पितळी, भाता घट्ट. खारी हवा पट्ट्यांना खाते म्हणून आत कापराची वडी ठेवली. दिवसभर पुसत बसलो. जुन्या लुगड्याची गवसणी गोदेने शिवून दिली, तिला मी माझी गाठ मारली. डावीकडून वळसा, टोक आत. बावीस वर्षांची गाठ आहे, दुसऱ्या कोणाला जमत नाही.

पुसताना भाता हलला, वरची एक पांढरी पट्टी चुकून दाबली गेली आणि सूर निघाला. मी हात मागे घेतला. एवढी वर्षे वाहिली, पण माझ्या हाताने तिने कधी आवाज केला नव्हता.

२३ मे

बाजारातून परत येताना अंगणाच्या दगडी गडग्याशी थांबलो. माझ्या घरातून पेटी ऐकू येत होती. साधी चाल, भजनाची. पण वाजवणाराचा हात असा की आमचे मास्तर आठवले. ते जाऊन सहा वर्षे झाली. उन्हात अंगावर काटा आला. मी रामनाम घेत पायरी चढलो.

घरात सामसूम. गोदा चुलीशी. पेटी जागच्या जागी, गवसणीसकट. पण गाठ उजवीकडून मारली होती.

म्हणजे भूत नव्हे. भुताला गाठीची काय पडली? हे चिमेचे काम. पोरगी मागच्या दाराने घुसली असणार. उद्या कान पिळतो. पण मग आणखी एक विचार आला. पोरीला एवढे येत असेल तर तिलाच पेटीवर बसवावे, आणि मी शिष्याची परीक्षा म्हणून बाजूला बसावे. सुटलो.

२४ मे

चिमेचा कान पिळला. ती म्हणाली, "मी नाय वाजवली. आयशप्पत."

"मग कोणी वाजवली?"

तिने मागीलदाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "मास्तर, तान लागली."

पोर खोटे बोलून पाणी प्यायला जाते. काय संस्कार करणार?

२८ मे

काल झालेले सारे आज लिहितो.

देवळाच्या सभामंडपात पाच वाजता सगळे जमले. पुढे भिकाजीशेट, जाडजूड, हसरा माणूस, सारखा कपाळाचा घाम टिपत होता. उजवीकडे चटया बांधून बायकांचा आडोसा केला होता. मालन येऊन बसली होती, लवू खांबाशी उभा. रावसाहेबांचे भाषण झाले. त्यात त्यांनी माझे नाव दोनदा घेतले आणि आपले मोजता आले नाही.

मी पेटीपुढे बसलो. दोन्ही हातांना फडकी होती, कारण कुठले बोट ते शेवटपर्यंत नक्की झाले नव्हते. नऊ मुले माझ्याशेजारी आंब्याच्या पेट्यांवर बसली. मी चिमेला खूण केली, ये, वाजव. तिने मान हलवली. मी मुलांना म्हटले, सा म्हणा. कोणी म्हणेना. नऊही जणांचे डोळे चटयांकडे.

लोक चुळबुळू लागले. रावसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, सुरू करा." मी पेटीचा भाता उघडला. त्याच्या पुढचे मला माहीत नव्हते.

तेव्हा चिमा उभी राहिली आणि त्या भरल्या सभेत, पडावावर हाक मारावी तशी म्हणाली, "मास्तर, तान लागली."

माणसे हसली. मी नेहमीप्रमाणे म्हणणार होतो, जा मागीलदारी, गोदा देईल. तोंड उघडले आणि ते वाक्य माझ्याच कानांनी पहिल्यांदा नीट ऐकले. गोदा देईल. चटयांच्या फटीतून तिची पांढरी किनार दिसत होती. चार महिन्यांची तहान, वाळत असलेली फळी, उजवीकडची गाठ, सगळे एकदम समोर आले. बावीचे एवढे पाणी मी फुकटच प्यायलो.

पुढचे मी विचार करून केले नाही. हातांची फडकी सोडली, पेटी बंद केली, उचलली आणि डोक्यावर घेतली. मंडपभर माना वळल्या. मला मात्र पाच महिन्यांत प्रथमच बरे वाटले, कारण हे काम मला येत होते. चटईआड जाऊन पेटी गोदेपुढे ठेवली, तिच्या हाताला लागेल अशी सरकवली, पुसली.

ती म्हणाली, "मामंजी, लोक काय म्हणतील?"

माझेच शब्द. आठ वर्षे जपून ठेवले होते तिने. मी म्हटले, "लोकांना चटई आहे. वाजव."

तिने सूर धरला आणि बाहेर नऊ जणांनी एकदम 'सा' लावला. मग तिच्या बापाचे, मी गडग्याशी ऐकलेले ते भजन झाले. बाबू आंब्याच्या पेटीवर ठेका धरत होता. चटईआडून गोदा एक तान घ्यायची, बाहेरून चिमा ती तशीच परत द्यायची, कधी वर दोन दाणे घालून. मालनने तोंडात पदर कोंबला होता. लवूचे मी पाहिले नाही, पण शीळ घालत नव्हता एवढे नक्की.

संपल्यावर भिकाजीशेट हार घेऊन धावत आले, "कुठे आहेत मास्तर?" म्हणत त्यांनी चटई वर केली. गोदा पेटीवर, मी शेजारी गवसणीची घडी हातावर घेऊन उभा.

"वाजवलं कोणी?"

"सुनेने. शिकवलंही तिनेच."

"मग तुम्ही?"

"मी पेटीवर होतो," मी म्हटले. "पुसायला. बावीस वर्षे."

शेटजींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आंब्याच्या पेट्यांकडे, आणि पोट धरून हसले. "म्हणजे पेटीत मी एकटाच चुकलो नाही तर!" हार त्यांनी पेटीवर ठेवला. पाच वर्षांचे वचन तेथेच दिले.

रावसाहेब माझ्याशी बोलले नाहीत.

२ जून

मंडळाचा ठराव शिपाई घेऊन आला. मी अडखळत वाचला, मग गोदेकडे दिला. तिने मोठ्याने वाचला.

'विधवा स्त्रीस शिक्षिका नेमणे लोकरूढीस धरून नाही. सबब काशीराम गुरव यांस मास्तर म्हणून कायम करण्यात येत आहे. वर्गाच्या वेळी मुलांच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था गोदाबाई यांनी पाहावी. सदर व्यवस्था विनामूल्य असावी. पाणी देण्यास लागणाऱ्या वेळेची मर्यादा मंडळ घालू इच्छित नाही.'

शेवटचे वाक्य डॉक्टरांचे असणार.

गोदा 'पिण्याच्या पाण्याची' या शब्दांपाशी थांबली, पुन्हा वाचले आणि हसायला लागली. चूल फुंकता फुंकता हसत होती. या घरात तिला हसताना मी ऐकले नव्हते. माझे काही चुकले असेल तर काय चुकले ते आता विचारायला हवे होते. विचारले नाही. उद्या विचारीन.

दुपारी रावसाहेब रस्त्यात भेटले. "काय रे काशीराम," म्हणाले. 'तुम्ही' गेले. हलके वाटले.

५ जून

ढग आले आहेत, आगबोटी बंद झाल्या. मुले मात्र आली, तीन नवी आहेत. लवू स्वतः एका पोराला घेऊन आला आणि पायरीवर टेकून म्हणाला, "मी बसू काय हितं? पोरी पळवत नाय ना तुमी?"

मी पडवीत बसून 'सा' म्हणायला सांगितले. ठरावाप्रमाणे मास्तर मी आहे. मुलांना ठरावाप्रमाणे तहान लागली. सगळी मागे गेली. पडवी रिकामी झाली. पाटी तेवढी समोर, हातभर अक्षरांची.

थोडा वेळ बसलो. मग उठून मागीलदारी गेलो. गोदा मध्ये, पेटी पुढ्यात, मुले आंब्याच्या पेट्यांवर गोल.

"गोदे," मी म्हटले, "तान लागली."

तिचा हात सवयीने तांब्याकडे गेला. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि तांब्या खाली ठेवला.

"सरक गो चिमे," ती म्हणाली. "मास्तरांना जागा दे."

चिमा सरकली. मी तिच्या पेटीवर अर्धा बसलो. फळी करकरली. गोदेने सूर दिला, मी डोळे मिटून 'सा' लावला. बराच वेळ लावला.

"मास्तर खाली चाललेत," बाबू म्हणाला.

"जाऊ देत," गोदा म्हणाली. "येतील वर."